‘कदरलो’ म्हणजे काय, साहेब?

फौजदारी वकिलाला लग्नाच्या पंगतीत शांतपणे जेवता येत नाही. शेजारचा माणूस लाडू वाढून होईपर्यंत कसाबसा धीर धरतो आणि मग विचारतोच, “काय हो वकीलसाहेब, गुन्हेगाराला सोडवताना तुम्हाला काही वाटत नाही का?” मी त्याच्यापुढे मठ्ठ्याचा पेला सरकवतो. उत्तर लांब असतं आणि मठ्ठा गार असतो.

खरं म्हणजे नागपूरच्या कोर्टात आयुष्य काढताना मला गुन्हेगारांनी फारसं छळलं नाही. छळलं ते शब्दांनी. एका शब्दानं तर एका धडधाकट शेतकऱ्याला अख्खा पावसाळा तुरुंगात बसवून ठेवलं आणि मलाही धड झोपू दिलं नाही. तो शब्द म्हणजे ‘कदरलो’.

‘कदर’ म्हणजे मोल जाणणं, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्याकडे तीही आहे, पण ‘कदरणं’ हे प्रकरणच निराळं. कदरणं म्हणजे वैतागणं, त्रासणं, जीव नकोसा होणं. असं सांगितलं तरी थोडं उरतंच. वैताग सकाळी येतो आणि दुपारच्या झोपेनंतर जातो. कदरायला दिवस लागतात. मी मूळचा सावनेरकडचा. माझी आई उन्हाला कदरायची, माश्यांना कदरायची, चुलीत धुमसणाऱ्या ओल्या लाकडांना कदरायची आणि सर्वांत जास्त माझ्या वडिलांना कदरायची. “कदरली वं माय मी या मानसाले,” असं शेजारणीला सांगता सांगता ती त्यांच्यासाठी भाकर थापत असे. आम्हा मुलांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

वकिली सुरू केल्यावर पहिल्याच काही महिन्यांत नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या बैठकीत एक बाई आली होती. म्हणाली, “सोडचिठ्ठी पाहिजे. कदरली मी नवऱ्याले.” मी नवा होतो, उत्साही होतो. कागद पुढे ओढून एकेक विचारू लागलो. मारतो का? नाही. पितो का? नाही. मग काय करतो? “घोरते. अन् बोललं त उत्तर देत नाही. भिंतीसंग संसार करून राहिली मी.” असं बराच वेळ चाललं. मग बाहेर ऊन कललेलं पाहून ती एकदम उठली. “जाते साहेब. त्याच्या चहाची वेळ झाली.” ती पुन्हा आली नाही. मी तो कागद फाडला आणि त्या दिवसापासून कोणी ‘कदरलो’ म्हटलं की लेखणी उचलण्याआधी दोन घोट पाणी पिऊ लागलो.

पण पोलीस पाणी पीत थांबत नाहीत, आणि कोर्टाला तर प्रत्येक शब्दाचा अर्थ लावावाच लागतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वैशाखातली दुपार. कुहीच्या एस.टी.नं आलेली एक तरुण बाई माझ्या दारात उभी राहिली. पायांत चप्पल नव्हती आणि नागपूरचा डांबरी रस्ता त्या दिवसांत तव्यासारखा तापतो. तिचं नाव सुलोचना. पाणी दिलं तर तिनं आधी ते पायांवर ओतलं, मग उरलेलं प्यायली.

“वकीलसाहेब, माह्या मालकाले पोलिसांनी नेलं. म्हनते, त्यानं काकाले विहिरीत ढकललं.”

“ढकललं का?”

हा प्रश्न आमच्या धंद्यात सहसा कोणी विचारत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर वकिलाचेच हात बांधले जातात. पण तिच्या पायांकडे बघता बघता माझ्या तोंडून तो निघून गेला.

“नाही ढकललं,” ती म्हणाली. थोडी थांबून तिनं भर घातली, “पन ढकलाव असं समद्याइलेच वाटे. मलेही वाटे.”

या बाईला साक्षीला उभं करायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं.

तिचा नवरा दौलत लहानपणी पोरका झाला होता. त्याला त्याच्या काकानं, शिवरामनं, वाढवलं. शिवरामला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेली होती. शेती एकत्र, घर एक. कुहीकडे धानाचा पट्टा आहे, यांच्याही पाचसहा बांध्या होत्या. बांधी म्हणजे मातीचे धुरे घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. काकानं काठी हातात घेतली, शेत सुटलं, पण शेताचा कारभार तोंडून काही सुटला नाही. पाणी कधी सोडलं, शेणखत कुठे टाकलं, बैलाला चारा ओला का दिला, चहात साखर कमी का, उशी कडक का, सूर्य इतक्या लवकर का उगवला. दिवसभर ती टकळी चाले. दौलत तापट होता. तो ओरडे. काका त्याहून मोठ्यानं ओरडे. गावाला त्याची सवय होती, घड्याळाच्या टोल्याची असते तशी.

त्या दुपारी दौलत शेणखताच्या गाड्या टाकून घरी आला आणि जेवायला बसला. काकानं माठातलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. “हे का पानी आहे? विहिरीचं ताजं आन.”

दौलतच्या हातात घास होता. तो ओरडला, “कदरलो मी या बुढ्याले! पानी पाहिजे न? जा, विहिरीतच जाऊन बस!”

शेजारच्या अनसूयाबाई आपल्या ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हे शब्द ऐकले. गल्लीतल्या आणखी दोघांनी ऐकले. थोड्या वेळानं परसातल्या विहिरीकडून आरडाओरडा झाला. अनसूयाबाई धावल्या तेव्हा दौलत विहिरीत छातीभर पाण्यात उभा होता आणि काकाचं रक्तानं माखलेलं डोकं त्यानं खांद्यावर धरलं होतं. वरून दोर सोडला, बाज सोडली, दोघांना काढलं. शिवराम जिवंत होता. पण डोक्याला मार लागल्यानं वर आणेपर्यंत त्याची वाचा गेली होती.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याला आणलं. तिथं दुसरा पुतण्या आला, केशव. हा थोरल्या भावाचा मुलगा, शहरात सरकारी कचेरीत कारकून. गावाकडून आलेल्या कोणीतरी त्याच्या कानावर ते वाक्य घातलं. आणि खाटेवर पडलेला काका डोळे उघडले की एकच शब्द कसाबसा बोले, “दौल्या... दौल्या...” आणि हात हलवून रडे.

केशवनं फिर्याद दिली. पोलिसांनी जुळवाजुळव केली. आरोपी काकाला कंटाळलेला होता, विहिरीत जा असं तोंडानं म्हणाला, नंतर काका विहिरीत सापडला, आणि जखमी माणूस आरोपीचंच नाव घेतोय. ढकललं, मग घाबरून बाहेर काढलं. खुनाचा प्रयत्न. अशी केस उभी राहिली की ऐकणाऱ्याला त्यात भोक सापडत नाही. केशवचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मी दौलतला तुरुंगात भेटलो. जाळीच्या पलीकडे रुंद खांद्यांचा, उन्हानं काळवंडलेला माणूस उभा होता. त्यानं स्वतःबद्दल काही विचारलं नाही.

“काका जेवते का साहेब?”

“नळीनं दूध देतात म्हणे. दौलत, तू खरंच म्हणालास, विहिरीत जाऊन बस?”

“म्हटलं न.”

“का म्हणालास?”

तो गोंधळला. “रोजच म्हनतो. कधी म्हनतो विहिरीत बस, कधी म्हनतो झाडावर जाऊन बस. आजवर कधी गेला नोता.”

मला हसू येत होतं आणि हसायची जागा नव्हती. हे वाक्य कोर्टात बोलला असता तर सरकारी वकिलानं त्याला तिथंच गुंडाळलं असतं.

जामिनाच्या अर्जाची सुनावणी ज्यांच्यापुढे झाली ते न्यायाधीश रत्नागिरीकडचे होते. नागपूर महाराष्ट्रात आल्यापासून कोकणातले, साताऱ्याकडचे न्यायाधीश बदलून आमच्याकडे येत. माणसं विद्वान आणि सरळ. फक्त इथली मराठी ऐकून पहिली दोन वर्षं त्यांच्या कपाळावरची आठी जात नसे. सरकारी वकिलांनी ते वाक्य वाचून दाखवलं.

साहेब म्हणाले, “कदरलो? म्हणजे आरोपी काकांची कदर करीत होता? मग हे आरोपीच्या बाजूचं झालं.”

सरकारी वकील नागपूरचेच. ते अदबीनं म्हणाले, “नाही साहेब, उलट. त्याला काका असह्य झाले होते.”

मी उठलो. “साहेब, इथं असह्य फार कडक होईल. आमच्याकडे लोक उन्हालाही कदरतात.”

“उन्हाला कोणी विहिरीत जा म्हणत नाही, वकीलसाहेब,” न्यायाधीश म्हणाले.  जखमीची प्रकृती आणि वाचा यांचा भरवसा नसल्यानं जामीन फेटाळला गेला.

वकिलीत सर्वांत जड काम कुठलं, तर असा निकाल दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला सांगणं. सुलोचनेनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “रोवणीपर्यंत येईन का तो?” रोवणी म्हणजे धानाची लावणी. मी म्हटलं, सांगता येत नाही. ती म्हणाली, “मंग मीच करतो.” आणि तिनं केली. बायांच्या ओळीत स्वतः गुडघाभर चिखलात उभी राहून साऱ्या बांध्या रोवल्या. त्या पावसाळ्यात ती कधी भेटायला आली की तिच्या बोटांच्या बेचक्या चिखलानं कुजलेल्या दिसत.

दवाखान्यातून सोडल्यावर शिवरामला केशवनं आपल्या घरी नेलं. ते योग्यच होतं, ज्या घरात घात झाला असा संशय त्या घरात कोण पाठवील? केशवनं त्याची सेवा उत्तम केली. टेबलफॅन आणला, रोज दूध, मालिशवाला. हळूहळू म्हाताऱ्याची जीभ वळू लागली. पण आम्हाला तिकडे जायला वाट नव्हती. सुलोचना एकदा गेली तर केशवच्या बायकोनं तिला अंगणातूनच परत पाठवलं. आणि मीही तिला पुन्हा जाऊ दिलं नाही, कारण साक्षीदाराला फितवलं असा ठपका आला असता तर सगळंच बुडालं असतं. पोलीस जबाब घ्यायला गेले तर म्हातारा डोळे मिटून पडून राहिला. “पोलिसाले नाही, कोर्टातल्या मोठ्या साहेबाले सांगन,” एवढंच म्हणाला.

म्हणजे खटल्यात सगळं ज्याच्या जिभेवर अवलंबून होतं, तो काय बोलणार हे मला माहीत नव्हतं. सरकारी वकिलांनाही नव्हतं. ते मला बाररूममध्ये चहा पिताना म्हणाले, “हा बुढा आपल्या दोघांची परीक्षा घेणार बरं का.”

खटला हिवाळ्यात उभा राहिला.

बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या काळी साक्षीदार आपल्या भाषेत बोले आणि न्यायाधीश त्याचा मजकूर इंग्रजीत टंकलेखकाला सांगत. टाइप झालेलं तेच पुढे वरच्या कोर्टापर्यंत जाई. वरच्या कोर्टाला साक्षीदाराचा चेहरा दिसत नाही, सुस्कारा ऐकू येत नाही. तिथं फक्त इंग्रजी पोचतं. म्हणून साक्षीदार बोलल्यावर साहेब टंकलेखकाकडे वळले की आमचे कान उभे राहत.

अनसूयाबाईंनी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी ‘कदरलो’चं इंग्रजी ‘आता मला हा माणूस सहन होत नाही’ असं घातलं. मी हरकत घेतली. साहेब शांतपणे म्हणाले, “मग बाईंनाच विचारा.”

मी उलटतपासणीला उभा राहिलो. “अनसूयाबाई, तुम्ही कधी कोणाला कदरल्या का?”

“मी?” त्या इतक्या जोरात हसल्या की शिपायानं ‘शांत राहा’ म्हटलं. “बाप्पा! मी त रोजच कदरतो. सुनेले कदरतो, माकडाइले कदरतो. आता या कोर्टाले कदरली, तीन खेपा झाल्या माह्या.”

साहेबांनी विचारलं, “या कोर्टाचं काही वाईट व्हावं असं वाटतं का तुम्हाला?”

“नाही जी! कायले वाटन?”

कोर्टात हशा झाला. साहेबही किंचित हसले. मग त्यांनी टंकलेखकाला तिथं कोरी जागा सोडायला सांगितली आणि नंतर स्वतःच्या हातानं, शाईनं, त्या जागेत देवनागरीत ‘कदरलो’ असं लिहिलं. इंग्रजी मजकुराच्या मधोमध तो शब्द सुटातल्या माणसांत धोतरवाला बसावा तसा दिसत होता. मला जरा हलकं वाटलं. पण सरकारी वकिलांनी लगेच उठून विचारलं, “बाई, दौलत विहिरीत उतरण्याआधी काय झालं ते तुम्ही पाहिलं का?” आणि अनसूयाबाई म्हणाल्या, “नाही. मले विहीर दिसत नाही ओसरीवरून.” हशा विरून गेला. शब्दाचा अर्थ लागला तरी विहिरीच्या काठावर काय घडलं ते कोणीच पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिवराम आला. केशवनं त्याला दंडाला धरून आणलं. इस्त्रीचं धोतर, नवा लोकरी कोट, गुळगुळीत दाढी. अंगानं भरला होता. त्याच्यापुढे आरोपीच्या पिंजऱ्यातला दौलतच आजारी वाटत होता. म्हातारा साक्षीच्या पिंजऱ्यात स्टूलवर बसला आणि मान वळवून बराच वेळ दौलतकडे पाहत राहिला. दौलतनं नजर खाली घातली.

“आरोपीला ओळखता का?” सरकारी वकिलांनी विचारलं.

शब्द जड येत होते, पण स्पष्ट होते. “ओळखू नाही त का? मीच वाढवला.”

“त्याचं तुमच्याशी वागणं कसं होतं?”

म्हाताऱ्यानं काठी आपटली. “कदरलो मी याले!”

  साहेब पुढे वाकले. “काय म्हणालात?”

“कदरलो म्हटलं साहेब. बिड्या लपवते माह्या. चहात साखर टाकत नाही. बांधीचं पानी सोडलं त मले इचारत नाही. म्या सांगतलं, खालच्या धुऱ्यावर माती टाक, नाही टाकली. बैल घेतला त शिंगं पायले नाही...” तो थांबेना. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं. टंकलेखकानं हात वर केले. सरकारी वकिलांनी दोनदा मध्ये बोलून पाहिलं, शेवटी आवाज चढवून त्यांनी त्याला त्या दुपारवर आणलं.

“त्या दिवशी तो काय म्हणाला तुम्हाला?”

“म्हने, विहिरीत जाऊन बस.”

“मग?”

“मंग मी गेलो.”

“आणि त्यानं तुम्हाला ढकललं?”

“कोनं?”

“दौलतनं.”

म्हातारा सरकारी वकिलांकडे असा पाहू लागला, जणू त्यांनीच त्याच्या बिड्या लपवल्या होत्या. “तो कसा ढकलन? तो जेवत होता न! म्या म्हटलं, याच्या हातचं पानी नाही पाहिजे मले. गडू घेऊन मीच गेलो. विहिरीवरच्या फळीवर पाय ठेवला, फळी फिरली.” त्यानं हातानं फळी फिरवून दाखवली. “खाली गेलो. वर पायलं त हा येडा उडी मारून राहिला. म्या ओरडलो, नको मारू. पोहता येत नाही त्याले! तरी मारली.”

मी दौलतकडे वळलो. पोहता येत नाही हे इतक्या भेटींत त्यानं मला एकदाही सांगितलं नव्हतं. वैशाखात विहिरीचं पाणी छातीभरावर आलंय, हे उडी मारताना त्याच्या ध्यानात तरी कुठून असणार? तो कठड्याचा गज धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

“मग दवाखान्यात तुम्ही सारखं दौलतचं नाव का घेत होता?” साहेबांनी स्वतः विचारलं.

“मंग कोनाचं घेऊ?” म्हातारा खरोखरच चकित झाला. “पानी पाहिजे, दौल्या. बिडी पाहिजे, दौल्या. वर्सं झाली मी एकच नाव घेऊन राहिलो. तिथं कोनी आलंच नाही.”

इथं शहाण्या वकिलानं ‘प्रश्न नाहीत’ म्हणून खाली बसायचं असतं. पण सरकारी वकिलांनी आपलं काम चोख केलं. त्यांनी शेवटचं विचारलं, “तुम्ही म्हणालात, मी याला कदरलो. म्हणजे हा तुमचा छळ करीत होता ना? आता पुन्हा त्याच्याच घरी जावं लागेल म्हणून त्याला वाचवताय का?” म्हातारा चिडून काहीबाही पुटपुटला, त्यातलं काही लागेना. संशयाला फट राहिली. ती बुजवायला मी उठलो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो साक्षीदाराला विचारू नये. मला वाटलं, मला उत्तर माहीत आहे. हा म्हातारा जगात सर्वांना कदरत असणार. केशवलाही कदरला असं म्हणाला की शब्दातलं विष निघून जाईल.

“काका, आता तुम्ही केशवकडे राहता. केशवले कदरले का?”

“नाही,” म्हातारा म्हणाला.

 म्हणजे ज्याच्याकडे सुखात आहे त्याला कदरत नाही आणि ज्यानं छळलं त्यालाच कदरतो, असा सरळ अर्थ निघत होता. सरकारी वकिलांनी पेन उचललं. मी खाली बसावं की आणखी खड्डा खणावा, हे मला कळेना.

साहेबांनीच विचारलं, “केशवला का नाही कदरलात?”

“केशव भला आहे. पंखा देते, दूध देते, आवाज चढवत नाही.” म्हातारा थांबला, ओठ पुसले. “पन त्याले कसा कदरू साहेब? पाहुना आहो न मी तिथं. दूध थंडं असलं तरी गोड आहे म्हनतो. पाहुना कुठं कदरते? कदराले आपलं घर लागते.”

 केशव भिंतीला टेकून उभा होता, त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. साहेब टंकलेखकाकडे वळले, एक इंग्रजी शब्द उच्चारला, खोडायला लावला, दुसरा उच्चारला, तोही खोडायला लावला. मग म्हणाले, “जागा सोडा.”

दौलत निर्दोष सुटला. निकाल वाचून झाला तेव्हा मला आनंदापेक्षा भूक आधी जाणवली. कित्येक दिवसांत अशी लागली नव्हती. कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर झणझणीत रस्सा घातलेले तर्री-पोहे खाल्ले, वर दुसरी प्लेट घेतली, आणि नाकातून पाणी येईपर्यंत खात राहिलो. सरकारी वकील येऊन माझ्या शेजारच्या बाकावर बसले. हरलेला वकील सहसा असा येऊन बसत नाही. म्हणाले, “सुटला ते बरं झालं गा. त्याले पोहता येत नोतं, हे ऐकल्यावर माझाच जीव लागेना.” त्यांनी माझ्या पोह्यांवरचं लिंबू पिळून दिलं.

एक खंत मात्र आहे, ती अजून जात नाही. म्हाताऱ्याची जीभ वळेपर्यंत एका माणसाला तुरुंगात थांबावं लागलं. ती वळली नसती तर? कायद्यात त्याचं उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पंगतीत विचारणाऱ्यांना मी हा प्रश्न कधी सांगत नाही. सांगितला तर त्यांचं जेवण बिघडेल.

तुरुंगाचे सोपस्कार आटोपून दौलत दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला. सुलोचनेनं मला एस.टी. स्टँडवर यायला लावलं होतं, गावाकडच्या नव्या तांदळाची पिशवी द्यायला. मी पोचलो तर केशवही आलेला. एका हाताला काका, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी आणि बगलेत तो टेबलफॅन. “घेऊन जा,” तो दौलतला म्हणाला. दौलत म्हणाला, “आमच्या गावात लाइट कुठं आहे, भाऊ?” केशव हसला, किंवा त्याला हसायचं होतं. माझ्याकडे वळून म्हणाला, “वकीलसाहेब, मी खोटं नव्हतं केलं.” मी म्हटलं, “ठाऊक आहे मला.” आणि ते मी मनापासून म्हटलं.

कुहीची गाडी लागली. काकाला खिडकीजवळ बसायचं होतं.

“वारा लागन, आतल्या अंगाले बसा,” सुलोचना म्हणाली.

“मी खिडकीपाशीच बसन. धान कसं कापलं ते पायचं आहे मले.”

“कापून झालं. मळूनही झालं. मीच कापलं समदं.”

“तू कापलं? मंग पायलाच पाहिजे, किती ठेवलं शेतात ते!”

“ठेवलं म्हंजे? या कापाले पुढच्या साली!”

“काका, उठा तिथून,” दौलत ओरडला. “मफलर बांधा आधी!”

“नाही बांधत, का करशीन?”

कंडक्टर वैतागून दोनदा घंटी मारत होता. आतली माणसं माना वळवून पाहत होती. आयुष्यभर मी लोकांची भांडणं मिटवायचे पैसे घेतले. त्या सकाळी मात्र तांदळाची पिशवी छातीशी धरून मी खिडकीखाली उभा राहिलो आणि गाडी सुटून आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ते भांडण ऐकत राहिलो.